इस्तारीचा डावा खांदा

५ ऑक्टोबर, रविवार

आज पुन्हा तेच. इस्तारी उंबरठ्यापर्यंत आला आणि थांबला. अंग पुढे झुकलेलं, पाय जागच्या जागी. मी अंगणात उभा. त्याची सून रेखा मागून म्हणाली, "काकाजी, घाई नोका करू. येतीन ते." पाच मिनिटं गेली असतील. मग तोच मला म्हणाला, "जा बे मोत्या तू. मी नाई येत आज."

चौथा दिवस. कंपवात आहे हे भंडाऱ्याच्या डॉक्टरने सांगून दीड वर्ष झालं. नुसता हात थरथरायचा तोवर गडी थट्टा करायचा, ढोलकी शिकून राहिलो म्हणायचा. पाय अडायला लागल्यापासून थट्टा बंद. डॉक्टर म्हणतो चालतं ठेवा, बसले की बसले. आणि हा दाराच्या आतच बसायला लागला आहे.

तलावाच्या पाळीपर्यंत एकटाच जाऊन आलो. अठ्ठेचाळीस वर्षं त्याच्या बाजूने चाललो, एकट्याची चाल विसरूनच गेलो आहे. सौ. म्हणाली, "आज लवकर आले?" उगाच रुसलो तिच्यावर.

६ ऑक्टो.

मंडई समितीचे लोक दुकानात. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, ९ नोव्हेंबरला. म्हणे औंदा दुपारी जुनी दंडार ठेवू, म्हणजे आमचा जोडीजोडीचा टिपऱ्यांचा नाच, एक फेरी. सात जोड्या नव्या पोरांच्या, पुढची जोडी जुनी पाहिजे. म्हणजे मी आणि इस्तारी.

"इस्तारी उंबरठा ओलांडत नाही," म्हटलं.

"मंग तुमी अन् दुसरं कोनी."

"दुसरं कोणी नाही," म्हटलं आणि शिलाई मशीन चालू केली. उद्धट बोललो. बोललो तर बोललो. रागाच्या भरात ब्लाउजची बाही उलटी लागली, उसवत बसलो.

८ ऑक्टो.

लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

इस्तारीच्या दिवाळीच्या बंडीचं माप घ्यायला गेलो. खाटेवरून उठला, मधल्या दारात आला, अडला. मी समोर थांबलो. हातात मापाचा लाकडी गज होता, तो रिकामपणी चौकटीवर वाजवू लागलो. काय वाजवतो आहे याचं भान नाही. हात आपोआप दंडारीच्या पहिल्या चालीवर गेला. धिन् ताक ताक, धिन् ताक. आणि त्याचा डावा पाय उचलला गेला. मग उजवा. दार ओलांडून तो माझ्या पुढ्यात.

रेखा कणीक मळत होती, तिचे हात तसेच.

"काय केलं बे तू?" इस्तारीने विचारलं.

"मी काई नाई केलं."

"पुन्हा वाजव."

पुन्हा वाजवलं, पुन्हा आला. सहा वेळा. सातव्यांदा नाही आला, पण सहा वेळा आला.

माप घ्यायचं राहूनच गेलं.

९ ऑक्टो.

सकाळी तोच गज, तीच चाल. काही नाही. पाय हलेना. इस्तारी चिडला. "काल भूत आलं असन अंगात." मीही चिडलो. मग ध्यानात आलं, काल मी समोर उभा होतो, आज बाजूला खुर्चीवर बसून वाजवतो आहे शहाण्यासारखा. उठलो. समोर गेलो. डावा पाय मागे घेतला, खांदा जरासा पाडला, पहिल्या फेरीला पाडतो तसा.

निघाला.

म्हणजे नुसता आवाज पुरत नाही. खांदा लागतो. आमचा दंडारीचा उस्ताद हेच सांगायचा.

११ ऑक्टो.

दिवसभर उस्ताद मन्साराम डोक्यात. त्याला जाऊन तीस वर्षं झाली, शिव्या अजून कानात आहेत.

आम्ही अठराचे होतो. दंडार शिकायची म्हणून त्याच्या खळ्यात गेलो, तर त्याने महिनाभर टिपरीला हात लावू दिला नाही. एक बांबू दिला. बांबूला मधोमध टांगलेला पितळी गुंड, पाण्याने काठोकाठ. एक टोक इस्तारीच्या खांद्यावर, दुसरं माझ्या. विहिरीपासून खळ्यापर्यंत धुऱ्यावरून चला. धुरा म्हणजे शेताचा वीतभर बांध, दोन्हीकडे धानाच्या बांध्या, चिखल. पाणी सांडलं की पुन्हा विहिरीपासून.

इस्तारी पुढे, मी मागे. पहिले आठ दिवस नुसते भिजलो. मी हुशारी करून मोजायला लागलो, डावा-उजवा, डावा-उजवा. जास्तच सांडलं. उस्ताद ओरडला, "मोजू नोको बे! पाढे म्हनून राहिला का? त्याचा खांदा पाहा. पाऊल खांद्यातून निंगते, मंग पायात येते."

तेव्हा वाटलं म्हातारा काहीतरी बरळतो. पण आहे तसंच. माणूस पाऊल टाकायच्या आधी त्याचा खांदा सांगून मोकळा होतो. एवढंसं. एकदा दिसायला लागलं की मग दिसतच राहतं. कितव्या दिवशी ते आठवत नाही, पण एका संध्याकाळी थेंब न सांडता खळ्यात पोचलो. गुंड खाली ठेवला आणि ध्यानात आलं की दोघांचा दमसुद्धा बरोबरच चालू आहे. इस्तारी घाबरला. "मोत्या, माह्या नाकानं दम घेऊन राहिला का बे तू?"

किती हसलो. पोट धरून धुऱ्यावर बसलो होतो दोघं.

मग सवयच लागली. बाजारात गेलो तरी चार पाय दोघांचे दोन असल्यासारखे पडायचे. लग्नानंतर सौ. कुरकुरायची, मी मागं राहिले तर तुमाले पत्ता नाई, इस्तारी भाऊजी मागं राहिले तर लगेच थांबता.

त्या दिवसांची फार आठवण येते. तारुण्य वगैरे परत नको मला. तो बांबू पाहिजे, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला इस्तारी.

१५ ऑक्टो.

माळ्यावरून टिपऱ्या काढल्या. चारही शाबूत. तेल लावलं.

इस्तारी हातात घेत नाही. "चालवतं तेवढं चालव. टिपरी नाई घेत मी." काहून विचारलं तर आपल्या हाताकडे पाहत बसला. हात थरथरत होता.

बरं. मीच दोन्ही टिपऱ्या वाजवतो, त्याच्याकडे तोंड करून उलटा चालतो, तो सुलटा येतो. घरापासून हनुमानाच्या देवळापर्यंत गेलो आज. अर्धं गाव दारात. "टेलरबुवा उलटे चालून राहिले!" देवळाजवळ कोणाच्या तरी शेळीवर बसलोच मी. इस्तारी हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला.

१९ ऑक्टो., रविवार

पोरांची तालीम पाहिली. मोबाईलमध्ये कुठली तरी जुनी दंडार पाहून शिकलेत. समोरचा जसा वळला तसे वळतात. आता तो समोरून उजवीकडे वळला तर यांना डावीकडे दिसतो, एवढंही कळेना. चौदाच्या चौदा उलट्या अंगाने फिरत होते! बरं, सगळे मिळून चुकतात म्हणून चूक दिसतही नाही.

मोठी गोष्ट निराळी. कोणी कोणाकडे पाहत नाही. प्रत्येक जण मनातल्या मनात मोजतो. ओठ हलतात. टिपऱ्या वाजतात त्या योगायोगाने. दोघादोघांना बांबू दिला, पाण्याच्या बादल्या टांगल्या. नाक मुरडलं त्यांनी. मी म्हटलं मंडईत तोंडावर आपटायचं असेल तर मोजा खुशाल.

संध्याकाळी तिघे आपणहून बादली मागायला आले.

२१ ऑक्टो.

दिवाळीचं शिवण आज संपलं. पाठ मोडली. इस्तारीची बंडी पोचवली, बरोबर बसली. माप न घेताच शिवली होती. त्याचे खांदे मला पाठ आहेत.

२३ ऑक्टो.

नाकाडोंगरीहून डोमाजी आला, आमचा ढोलकीवाला. ऐंशीला टेकला, कान गेले. त्याच्या कानाशी ओरडून म्हटलं, तुमच्या ढोलकीवर आम्ही एवढी वर्षं नाचलो, आता हा इस्तारीसुद्धा तीच चाल ऐकून उठतो. तर म्हातारा हसायला लागला.

"माह्या ढोलकीवर? मी तं तुमच्या दोघाइच्या पायाकडं पाहून वाजवो!"

घ्या. आम्ही समजत होतो तो नाचवतो, तो समजत होता आम्ही वाजवतो. आणि मागच्या जोड्या आमच्याकडे पाहत. मग चालवत कोण होतं? इस्तारीला विचारलं. म्हणाला, "कोनी नाई. म्हनून तं चालत होतं."

डोमाजी तालमीला बसणार. कान नसले तरी डोळे आहेत.

२५ ऑक्टो.

हे आजवर कुठे लिहिलं नाही. आज लिहितो.

करडीची मंडई. मी बावीसचा. आमची जोडी सगळ्यात पुढे, दोघांना त्याचा केवढा माज. तेव्हा मंडई म्हणजे सोयरिकीचा बाजारच, पाहुणे यायचे, पोरी दाखवायच्या, तिथेच बोलणी. माझ्यासाठी आंबागडची एक पोर तिच्या मावशीकडे आली आहे असं आईने कानात सांगून ठेवलं होतं. हिरवं लुगडं.

शेवटची फेरी. चाल दुप्पट झालेली. वळताना इस्तारी टिपरी आडवी धरतो आणि मी वरून मारतो, अशी ती जागा. आणि नेमकं तेव्हाच मला गर्दीत हिरवं लुगडं दिसलं. खांदा सोडून तिकडे पाहिलं. पापणी लवेपर्यंत, जास्त नाही. टिपरी त्याच्या करंगळीवर बसली. हाड मोडल्याचं मला हातात कळलं.

इस्तारी थांबला नाही. गाणं संपेपर्यंत नाचला, उरलेल्या चार बोटांत टिपरी धरून. मग उस्तादाने विचारलं, "कोन चुकला?" मी तोंड उघडायच्या आत इस्तारी म्हणाला, "माहंच चुकलं."

मी गप्प राहिलो. पाहुणे बसले होते ना. नवरा मुलगा भर मंडईत चुकला असं व्हायला नको होतं.

उस्तादाने त्याला दोन वर्षं शेवटच्या जोडीत टाकलं. माझं लग्न झालं. ती करंगळी अजून वाकडी आहे. गावात अजून कोणी ना कोणी म्हणतंच, करडीले इस्तारी चुकला होता. मी अजून गप्पच.

२८ ऑक्टो.

सांगितलं. तलावाच्या पाळीवर बसलो होतो (पाळीपर्यंत येतो आता, दोनदा अडतो). एका दमात सांगून टाकलं, हिरव्या लुगड्यासकट.

इस्तारी पाण्याकडे पाहत होता. "मले मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"तुहा खांदा पयलेच फिरला होता. दिसलं मले, आता हा भरकटते म्हनून."

"मंग हात काहून नाई काढला बे?"

"काढला असता तं टिपरी हवेत गेली असती. आवाजच नाई आला असता. मांगचे चौदा जन कायवर पाय टाकतीन?" मग करंगळी समोर धरून पाहिली त्याने. "आवाज तं आला नं?"

रडलो. सहासष्ट वर्षांचा माणूस, पाळीवर भरदुपारी. तो म्हणाला, "अन् तुह्यं लगन जमून राहिलं होतं. नवरदेव चुकला म्हनतात का कुठी?"

मग म्हणाला, टिपरी काहून घेत नाई विचारत होता नं तू. हा हात माहा आयकत नाई आता. तुले लागन.

मी म्हटलं, लागू दे. तो म्हणाला, तू शिंपी आहेस. बोटं पाहिजे तुले.

२ नोव्हें., रविवार

घेतली! टिपरी घेतली हातात!

पोरं बरी नाचू लागली आहेत. बादल्यांनी काम केलं. ओठ हलायचे थांबले. त्यांच्यापुढे आम्ही दोघं उभे राहिलो. डोमाजी ढोलकीवर, डोळे आमच्या पायांवर. चाल अगदी सावकाश धरली. इस्तारीचा हात उशिरा येतो, तर मी उशिरा मारतो. मी उशिरा मारतो म्हणून डोमाजी ढोलकी मागे ओढतो, आणि मागची चौदा जणं आपोआप मागे येतात. कोणी कोणाला सांगितलं नाही. सगळी दंडार इस्तारीच्या हाताची वाट पाहत नाचली.

अर्ध्या फेरीत तो अडला. पोरं गोंधळली नाहीत, जागच्या जागी डुलत राहिली. मी खांदा पाडला. दोन वेळा, तीन वेळा. चौथ्यांदा आला. एक फेरी पुरी.

घामाने भिजलेला. खाटेवर टेकला आणि म्हणाला, "मोत्या, दम पाहा." बरोबर चालू होता. दोघांचा.

आज झोप येणार नाही आनंदाने.

५ नोव्हें.

त्याचा दिवस वाईट. गोळ्यांनी काही होत नाही. रेखा म्हणाली, "मामाजी सकाळपासून मोरीपर्यंत नाई गेले, काकाजी." मी समोर उभा राहिलो, वाजवलं, नाचलो. अर्धा तास. शेवटी माझेच गुडघे गेले. तो म्हणाला, "राहू दे. भिंत अन् तू, दोघंबी सारखेच दिसून राहिले आज."

असेही दिवस येणार. पुढे असेच जास्त येणार. मला कळतं ते, कोणी सांगायला नको.

८ नोव्हें.

शेवटची तालीम. आला. बरा होता.

फेरी दुसऱ्यांदा धरली, वळायची जागा. या वेळी आडवी टिपरी माझी, वरून मारणार तो. त्याचा डावा खांदा माझ्यासमोर. तो खांदा थरथरला आणि हात भरकटणार हे मला त्याच्याही आधी दिसलं. हात काढून घेता आला असता. वेळ होता. भरपूर वेळ होता.

नाही काढला.

करंगळी. डोळ्यांपुढे काजवे. पण आवाज आला. पोरं पुढे गेली, डोमाजी पुढे गेला, मीही गेलो. फेरी संपली तेव्हा इस्तारी हातातल्या टिपऱ्यांकडे पाहत उभा. पोरांपैकी कोणी विचारलं, "काय झालं काकाजी? कोन चुकलं?"

"मी," म्हटलं. "माझंच चुकलं."

इस्तारीने माझ्याकडे पाहिलं. टिपऱ्या जमिनीवर ठेवल्या. रेखाचा हात धरून घरी गेला.

सौ.ने हळद लावली, करंगळी शेजारच्या बोटाला बांधली. बांधता बांधता म्हणाली, "करडीलेबी इस्तारी भाऊजी असेच म्हनले होते."

"तुला काय माहीत?"

"मी समोर नोयती का? तुमी माह्याकडं पाहून राहिले होते."

चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलली हे. म्हणजे इस्तारीला माहीत, हिला माहीत. मी मग लपवत होतो कोणापासून? विचारलं, कधी बोलली का नाहीस. तर म्हणे, तुमी बोलाची वाट पाहून राहिली होती.

९ नोव्हें., रविवार. सकाळ.

अक्षर वाकडं येतं आहे. बोट सुजलं. समितीच्या लोकांनी भोंगे बांधले, पाळणेवाले आले, जिलेबीचा वास इथपर्यंत.

रेखा येऊन गेली. मामाजी रात्रीपासून भिंतीकडे तोंड करून आहेत म्हणते. मंडईचं नाव काढू देत नाहीत. फक्त एकदा विचारलं त्यांनी, मोत्याचं बोट मोडलं का.

"मोडलं नाही म्हणून सांग," म्हटलं. मग म्हटलं, नको, काही सांगू नको. मी येतो.

एक वाजता दंडार. बाराला निघतो. चारही टिपऱ्या पिशवीत टाकल्या, त्याची नवी बंडी त्याच्याकडे आहेच. अंगणात उभा राहीन, उंबरठ्यासमोर. वाजवणार नाही आज. नुसता खांदा पाडीन.